ओपेथ – द लास्ट विल अँड टेस्टामेंट : ग्राउल परत आला, पण कुणाचा आवाज म्हणून?

मेलोट्रॉन४००

आधीच सांगतो, कथेचा शेवट खाली उघड केला आहे. ज्यांना अल्बम कोरा ऐकायचा आहे त्यांनी ५१ मिनिटं काढावीत आणि मग धाग्यावर यावं.

ओपेथ या स्वीडिश प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा हा चौदावा अल्बम. ११ ऑक्टोबरला येणार होता, लांबला आणि २२ नोव्हेंबर २०२४ ला आला. चर्चा मात्र सगळीकडे एकाच गोष्टीची चालली आहे : ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, परत आला. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर 'हेरिटेज' (२०११), 'पेल कम्युनियन' (२०१४), 'सॉर्सरेस' (२०१६) आणि 'इन कॉडा व्हेनेनम' (२०१९) हे चारही अल्बम बँडचा गायक-गिटारवादक मिकाएल ऑकरफेल्ट क्लीन, म्हणजे साध्या सुरेल आवाजातच गायला. सोळा वर्षांनी तो आवाज कानावर पडला की अंगावर काटा येणारच. पण 'जुनं ओपेथ परत आलं' एवढ्यावर हा विषय संपवला तर अल्बमची सगळ्यात हुशार गोष्ट हातातून निसटते.

गाण्यांची नावं बघा. आठपैकी सात गाण्यांना नावच नाही. §१ ते §७, बस. कायद्याच्या कागदात परिच्छेदाच्या आकड्याआधी येणारी ही खूण. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेला काळ आहे, एक श्रीमंत आणि कर्मठ कुटुंबप्रमुख वारला आहे आणि त्याच्या हवेलीत इच्छापत्राचं वाचन चालू आहे. समोर त्याची जुळी मुलं बसली आहेत आणि पोलिओ झालेली एक मुलगीही. या अनाथ मुलीला घराने सांभाळलं आहे. ती या वाचनाला का बसली आहे, हा जुळ्यांना पडलेला प्रश्न. परिच्छेद पुढे सरकतात तसं कळतं की जुळी त्याच्या रक्ताची नाहीत आणि सगळी मालमत्ता त्या मुलीला जाणार आहे.

आठव्या गाण्याला मात्र नाव आहे : 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. का? कारण ते इच्छापत्रात नाही. मागाहून आलेल्या एका पत्रातली ती गोष्ट आहे : ती मुलगीही त्याची नव्हती. म्हाताऱ्याला हे कधी कळलंच नाही, म्हणून त्याच्या कागदात या गोष्टीला परिच्छेद असूच शकत नाही. आणि याच एका गाण्यात ग्राउलचा मागमूस नाही. कागद संपला, म्हातारा संपला, त्याचा आवाज संपला.

म्हणजे ग्राउल इथे चाहत्यांना खूश करायला आणलेला नाही. तो मेलेल्या माणसाचा आवाज आहे. इच्छापत्र हे मेलेल्या माणसाचंच बोलणं असतं, जिवंत लोकांनी गप्प बसून ऐकायचं. त्याला दुसरा कुठला आवाज शोभला असता?

बाकी हिशेब : तिघांचे पाहुणे आवाज आहेत. जेथ्रो टलचा इयान अँडरसन §१, §२, §४ आणि §७ मध्ये मजकूर बोलतो, शिवाय §४ आणि §७ मध्ये बासरी वाजवतो. युरोप बँडचा जोई टेम्पेस्ट §२ मध्ये आहे. §१ मध्ये कुठूनसा येणारा मुलीचा आवाज मिकाएलच्या धाकट्या मुलीचा, मिरयमचा. ध्वनिमुद्रण वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत झालं, सहनिर्माता स्टेफान बोमन. §४ मधली हार्प मिया वेस्टलुंडची.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. 'आवडला / नाही आवडला' एवढ्यावर थांबू नका, कुठल्या परिच्छेदात काय झालं ते लिहा.

खर्ज

मूळ मुद्दा पटला, पण त्यात एक दुरुस्ती. 'ग्राउल म्हणजे म्हातारा' एवढं सरळ नाही. §१ ते §७ मधला क्लीन आवाजही बराचसा म्हाताऱ्याचाच आहे, शब्द वाचले की लक्षात येतं. मी ते असं ऐकतो : क्लीन म्हणजे त्याने आयुष्यभर लोकांना दाखवलेला चेहरा आणि ग्राउल म्हणजे तो चेहरा गळून पडल्यावर खाली जे उरतं ते. एकाच वाक्यात आवाज बदलतो तिथे नीट कान द्या. बदल रिफच्या (गिटारच्या फिरून फिरून येणाऱ्या छोट्या चालीच्या) सोयीने होत नाही, शब्दाच्या सोयीने होतो.

जुन्या अल्बमांत असं नव्हतं. 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१) मध्ये साधारण नियम असा होता की जड रिफ आली की ग्राउल, अकूस्टिक आली की क्लीन. वाद्यं आवाजाला ओढून नेत. इथे उलट आहे.

दुसरं, उच्चार. ग्राउलला ठरावीक सूर नसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला शब्द पकडायला मुख्यतः व्यंजनांचाच आधार उरतो. ट, क, प, स स्पष्ट पडले तर वाक्य कळतं, नाही तर नुसती गुरगुर. या अल्बममध्ये ऑकरफेल्टने व्यंजनं इतकी पुढे ठेवली आहेत की शब्दांचा कागद हातात नसतानाही अर्ध्याहून अधिक मजकूर लागतो. कथा सांगायची असेल तर दुसरा इलाजही नाही. तरुणपणीचा त्याचा ग्राउल जास्त खोल होता हे खरं, पण इतका सुस्पष्ट कधीच नव्हता.

सलग

माझं मत थोडं वेगळं आहे. कल्पना उत्तम, वादन उत्तम, पण गाणी श्वास घेत नाहीत.

ओपेथची ओळख काय होती? एक रिफ घ्यायची, ती चार वेळा, आठ वेळा फिरवायची, ऐकणाऱ्याला तिच्यात बुडू द्यायचं आणि मग दार उघडायचं. 'मॉर्निंगराइज' (१९९६) वरचं 'ब्लॅक रोझ इम्मॉर्टल' वीस मिनिटांचं आहे. इथे एकही गाणं आठ मिनिटांपर्यंत पोचत नाही, पण प्रत्येकात कल्पना तेवढ्याच कोंबल्या आहेत. §२ घ्या. क्लीन, ग्राउल, बोललेला मजकूर, टेम्पेस्ट, सगळं साडेपाच मिनिटांच्या आसपास. एखादी रिफ आवडली म्हणेपर्यंत ती गेलेली असते आणि बहुतेक वेळा परत येत नाही.

गाणं डोक्यात राहायला पुनरावृत्ती लागते. ओळखीचा भाग दुसऱ्यांदा आला की ऐकणारा 'आपण कुठे आहोत' हे ठरवतो. ते टेकूच काढून घेतले तर पहिल्या चार-पाच वेळा अल्बम तुकड्यांचा ढीग वाटतो. मला अजूनही §६ चा मधला भाग आणि §५ चा मधला भाग यांची अदलाबदल केली तर चालेल असं वाटतं, आणि हे चांगलं लक्षण नाही.

'अ स्टोरी नेव्हर टोल्ड' मात्र निखालस सुंदर. तिथे एक चाल घेतली आहे आणि ती पूर्ण वाढू दिली आहे. शेवटचा गिटार सोलो तर संपूच नये असा.

मेलोट्रॉन४००

@खर्ज, दुरुस्ती मान्य. 'चेहरा गळून पडल्यावर' हे माझ्या मांडणीपेक्षा नेमकं आहे.

@सलग, तुकड्यांची तक्रार मलाही पहिल्या आठवड्यात होती. पण इच्छापत्राला ध्रुवपद नसतं. परिच्छेद वाचला, संपला, पुढचा. ज्याच्यावर तो मजकूर कोसळतो आहे त्याला सावरायला वेळ मिळत नाही, हीच परिस्थिती गाण्यांच्या घडणीत उतरली आहे. आणि आठव्या गाण्याला मोकळी जागा का मिळाली, तर तिथे वाचन संपलेलं आहे. तुम्ही ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात, 'श्वास नाही' आणि 'शेवटचं गाणं सुंदर', त्या मला एकाच निर्णयाच्या दोन बाजू वाटतात.

§४ पुन्हा एकदा असं ऐकून पाहा. पूर्ण गाणं तीन खोल्या समजा. पहिल्या खोलीत वेडीवाकडी, बेसूर वाटणारी रिफ. दुसरीत हार्प आणि बासरी. तिसरीत सगळ्यात काळा ग्राउल. पहिल्या वेळी फक्त मधल्या खोलीकडे लक्ष द्या आणि अँडरसनची बासरी कुठल्या वाद्याला उत्तर देते आहे ते शोधा. दुसऱ्या वेळी फक्त मार्टिन मेंडेझचा बास धरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाकी काही नाही. खोल्यांमधल्या भिंतींत तो दारं पाडतो. बास धरून ऐकल्यावर मला तरी उड्या उड्या वाटल्या नाहीत.

नवखा_कान

एक साधा प्रश्न. ओपेथ अजून ऐकलेलं नाही, जेथ्रो टल आणि सत्तरच्या दशकातलं प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) भरपूर ऐकलं आहे. ग्राउलची सवय अजिबात नाही. याच अल्बमपासून सुरू करावं का?

खर्ज

@नवखा_कान, करा, पण थेट §१ पासून नको.

आधी 'डॅम्नेशन' (२००३) पूर्ण ऐका. त्यात ग्राउल अजिबात नाही, चाली संथ आहेत आणि मेलोट्रॉन (फितींवर चालणारं जुनं कळवाद्य) भरपूर आहे, तुमच्या कानाला परका वाटणार नाही. मग या अल्बममधलं 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. कथेचा शेवट आधी कळेल, पण चाल इतकी मोकळी आहे की बँडची सुरावट कानात बसते. मग §४ आणि §७, कारण अँडरसनची बासरी आणि त्याचं बोलणं हा तुमच्यासाठी ओळखीचा खांब आहे. त्यानंतर शब्द समोर ठेवून §१ पासून सलग.

ग्राउल ऐकताना त्यात सूर शोधू नका, तिथेच बहुतेकांचं बिनसतं. त्याच्याकडे तालवाद्य म्हणून बघा. शब्दाचा आघात ड्रमच्या कुठल्या आघातावर पडतो ते ऐका. दोन-तीन दिवसांत कान सरावतो.

तबकडी

ऐकण्याच्या साधनांबद्दल लिहितो, कारण या अल्बमला चुकीच्या सेटिंगचा फटका जास्त बसतो.

पहिली गोष्ट, अॅपमधला क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना पुढचं त्यावर सुरू करणारी सोय, शून्यावर आणा. स्पॉटिफायमध्ये तो १२ सेकंदांपर्यंत जातो. पाच-सहा सेकंद जरी ठेवला असेल तरी एका परिच्छेदाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि वाद्यवृंदाचे हळू विरत जाणारे शेवट किंवा हलक्या आवाजातली सुरुवात दोन्ही खराब होतात. गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये जादा शांतता न घालता वाजवणं) चालू हवं, क्रॉसफेड बंद. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, लोक गल्लत करतात.

दुसरी गोष्ट, आवाजाची पातळी सारखी करणारं नॉर्मलायझेशन. स्पॉटिफायचं नेहमीचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आहे, अॅपलच्या साउंड चेकचं उणे १६. अल्बम पहिल्यापासून क्रमाने लावला तर सगळ्या गाण्यांची पातळी एकाच प्रमाणात खाली येते, गाण्यागाण्यातला फरक तसाच राहतो. पण तेच गाणं प्लेलिस्टमध्ये टाकलं किंवा शफल केलं तर प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे मोजलं जातं. मग 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'सारखं शांत गाणं जड परिच्छेदांच्या शेजारी मूळ बेतापेक्षा मोठं वाजतं आणि सात परिच्छेदांच्या माऱ्यानंतरची ती उसंत नाहीशी होते. तेव्हा अल्बम म्हणूनच लावा.

तिसरी गोष्ट, बोललेला मजकूर. अँडरसनचं बोलणं वाद्यांपेक्षा फार वर ठेवलेलं नाही. आजूबाजूला गोंगाट असेल तर पहिलं तेच हरवतं. बास वाढवणारं इक्वलायझर लावलं असेल तर काढा, कारण खालचे स्वर फुगले की ते मधल्या पट्ट्यावर चढतात आणि बोलणं तिथेच, साधारण ३०० हर्ट्‌झ ते ३ किलोहर्ट्‌झमध्ये असतं.

तबकडीवर हा अल्बम दोन एलपींत आहे आणि ते योग्यच आहे. ५१ मिनिटं एकाच तबकडीवर बसवली असती तर बाजूला साडेपंचवीस मिनिटं झाली असती. एवढ्या वेळासाठी खाचा जवळजवळ पाडाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी आणि बास दोन्ही कमी करावे लागतात, मग पृष्ठभागाची खरखर तुलनेने वर येते. चार बाजूंत वाटलं की बाजूला सरासरी पावणेतेरा मिनिटं पडतात. खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि मुख्य म्हणजे लेबलच्या अगदी जवळ जावं लागत नाही.

हे शेवटचं का महत्त्वाचं ते आकड्यांत सांगतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला, १४६ मिलिमीटर त्रिज्येवर, खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते. आत ६० मिलिमीटरवर तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरलेला असतो. मग 'स'कार, झांजा आणि ग्राउलमधली वरची खरखर सुईला नीट वाचता येत नाही आणि फाटल्यासारखं ऐकू येतं. दोष तबकडीचा आहे असं समजून लोक ती परत करतात, पण बऱ्याचदा काडतूस, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, तिरकं बसलेलं असतं. प्रोट्रॅक्टरवर (काडतुसाचा कोन जुळवायच्या पट्टीवर) ६६ आणि १२०.९ मिलिमीटर हे दोन बिंदू जुळवा, सुईचा भार निर्मात्याने दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला ठेवा. सुई गोल टोकाची असेल तर लंबवर्तुळाकार घ्या. एवढं करूनही बाजूच्या शेवटी फाटत असेल तरच तबकडीला दोष द्या.

मास्टरिंग आणि लॅकर कटिंग (तबकडीची मूळ खाच कोरणं) लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत माइल्स शॉवेलचं आहे.

सम

ड्रमवर कुणीच बोललं नाही म्हणून.

वाल्टेरी व्हायरिनेन २०२२ मध्ये आला, ओपेथबरोबर हा त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम. आधी तो पॅराडाइस लॉस्टमध्ये होता. ओपेथचा आधीचा ड्रमर मार्टिन ॲक्सेनरॉटपेक्षा त्याचा हात हलका आहे. हलका म्हणजे कमजोर नव्हे. स्नेअरवरचे मुख्य आघात आणि त्यांच्या मधले घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) यांच्यात तो मोठं अंतर ठेवतो. म्हणून गुंतागुंतीच्या भागातही मुख्य ठोका हरवत नाही. @सलग यांना जिथे तुकडे वाटतात तिथे बहुतेक वेळा हाय-हॅट किंवा राइड या झांजांवरची नाडी तशीच पुढे जात असते, फक्त रिफचे गट बदलतात.

मोजायचं कसं, ते लिहितो. विषम मात्रांची रिफ आली की लोक 'एक-दोन-तीन-चार' मोजत राहतात आणि घसरतात. आकडे सोडा, दोन आणि तीनचे गट धरा. सात म्हणजे २+२+३ किंवा ३+२+२. तोंडाने 'तक तक तकिट' म्हटलं की पहिला प्रकार, 'तकिट तक तक' म्हटलं की दुसरा. पाच म्हणजे 'तकिट तक', अकरा म्हणजे 'तकिट तकिट तकिट तक' किंवा त्याच गटांची अदलाबदल.

पायऱ्या अशा. रिफचा चार फेऱ्यांचा तुकडा लूपवर टाका आणि वेग ७० टक्क्यांवर आणा, सूर न बदलता. आधी सम शोधा, म्हणजे रिफ पुन्हा सुरू होते ती जागा. ती जागा बहुधा गिटार सांगते, ड्रम नाही, कारण प्रोगमध्ये क्रॅश झांज मुद्दाम दुसरीकडे मारायची खोड जुनी आहे. दोन समांच्या मधले सगळ्यात बारीक ठोके मोजा. मग आघात कुठे आहेत ते बघून दोन-तीनचे गट पाडा. गट तोंडात बसले की वेग १० टक्क्यांनी वाढवा. घाई केली तर काय होतं? तुम्ही रिफ पाठ करता, मात्रा नाही. मग त्याच रिफवर ड्रम बदलला की पुन्हा हरवता.

आणखी एक, दोन्ही गिटार दोन बाजूंना पसरवलेल्या असतात. बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे करून ऐका. एका बाजूला लांब स्वर आणि दुसऱ्या बाजूला तुटक रिफ असेल तर मोजायला तुटक बाजू घ्या.

सलग

@सम, ही नाडीची गोष्ट मी तपासली. §१ मध्ये बास आणि ड्रमची सुरुवात धरून पुढे गेलो तर खरंच सांधे कमी टोचले. ठीक आहे, 'तुकड्यांचा ढीग' हे मागे घेतो. पण रिफा परत येत नाहीत ही तक्रार तशीच आहे. 'माय आर्म्स, युअर हर्स' (१९९८) मध्येही सलग कथा होती, तिथे प्रत्येक गाण्याचे शब्द पुढच्या गाण्याच्या नावावर संपत. असा एखादा साधा दुवा इथे सुरावटीत हवा होता, विशेषतः सातव्या परिच्छेदाकडून शेवटच्या गाण्याकडे जाताना. तिथे कथेतली सगळ्यात मोठी उलथापालथ आहे आणि संगीत मात्र नवं पान उघडतं.

मेलोट्रॉन४००

@सलग, त्या जागेबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. §७ च्या शेवटी अँडरसनचा आवाज ऐकून सगळं संपलं असं वाटतं, आणि पुढचं गाणं पत्र म्हणून सुरू होतं हे फक्त शब्द वाचणाऱ्यालाच कळतं. एखादा छोटा स्वरसमूह दोन्हीकडे असता तर न वाचणाऱ्यालाही कळलं असतं. अल्बममधली ही खरी उणीव.

आता वाद्यवृंदाबद्दल, कारण 'हे सगळं मेलोट्रॉन आहे ना?' असा प्रश्न मला निरोपात आला. नाही. तंतुवाद्यं खरी आहेत, लंडनमध्ये मुद्रित केलेली. मांडणी ऑकरफेल्ट आणि डेव्ह स्टुअर्ट यांची, संचालन स्टुअर्टचं. हा एग आणि हॅटफील्ड अँड द नॉर्थवाला स्टुअर्ट, युरिदमिक्सवाला नव्हे. पण युआकिम स्वालबर्गची कळवाद्यंही शेजारी आहेत, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे.

कानाने ओळखायची खूण सांगतो. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फितीचा एक तुकडा असतो. एम४०० या मॉडेलला ३५ पट्ट्या, म्हणजे ३५ फिती, प्रत्येक सुमारे ८ सेकंदांची. पट्टी दाबली की फीत हेडवर टेकते आणि रोलर तिला ओढतो, सोडली की स्प्रिंग तिला मागे नेते. यातून तीन गोष्टी होतात. स्वर ८ सेकंदांच्या पुढे टिकत नाही. स्वराची सुरुवात किंचित धक्क्याने होते आणि त्यात फितीची लहर असते, सूर अगदी थोडा खालीवर डुलतो. आणि एकच स्वर वाढत वाढत मोठा होऊ शकत नाही, आवाजाच्या पॅडलनेच वाढवावा लागतो, त्यामुळे आवाज वाढतो पण त्याचा पोत बदलत नाही. खरा गज जोर लावला की आवाजाबरोबर पोतही बदलतो, धार येते. §५ मधली पूर्वेकडच्या वळणाची तंतुवाद्यं ऐका. तिथे स्वर फुगताना त्याला धार येते. ते गजाशिवाय होत नाही.

निशाचर

@खर्ज, तुम्हाला ग्राउल करायचंही ठाऊक दिसतंय. हा आवाज काढताना गळा न फाटता कसा काढतात? §१ मधल्या ओळी म्हणून पाहिल्यावर दोन मिनिटांत खोकला येतो.

खर्ज

@निशाचर, खोकला आला याचा अर्थ तुम्ही खऱ्या स्वरतंतूंवर जोर देताय. थांबा आणि पहिल्यापासून सुरू करा.

ग्राउलमध्ये खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या जवळ येऊन थरथरतात. त्यांना सैल ठेवून मंद, सलग हवा द्यायची असते. मोठ्याने ओरडायचं नसतं. मायक्रोफोनमधून राक्षसी वाटणारा आवाज प्रत्यक्ष खोलीत बोलण्याच्या थोडाच वर असतो, हे बहुतेकांना खरं वाटत नाही.

क्रम असा ठेवा. पोटातून सावकाश श्वास, खांदे वर न उचलता. मग जड ओझं खाली ठेवल्यावर निघतो तसा लांब उसासा, 'हाऽऽ', खालच्या सुरात. तो उसासा किंचित आवळा, जणू गळा साफ करणार आहात आणि करत नाही आहात. तिथे एक घरघर सापडेल. ती पाच सेकंद सलग टिकली पाहिजे, तुटली तर हवा कमी पडते आहे, टोचली तर आवळणं जास्त आहे. घरघर स्थिर झाल्यावरच तोंडाचा आकार बदला : 'ओ'ने आवाज काळा आणि खोल होतो, 'ई'ने वर चढतो आणि पातळ होतो. शब्द सगळ्यात शेवटी.

पहिले दोन-तीन आठवडे दिवसाला दहा मिनिटांच्या वर नको. गुदगुल्या, कोरडेपणा, टोचणं यातलं काहीही झालं की त्या दिवसापुरतं थांबायचं. दुसऱ्या दिवशी बोलताना आवाज घोगरा राहिला तर पद्धत चुकते आहे, सराव वाढवून ते सुधारत नाही. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. पाणी आदल्या तासा-दोन तासांत प्या. ऐनवेळी प्यायलेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना त्याचा लगेच उपयोग नसतो.

मुद्रण करणार असाल तर मायक्रोफोनची जाळी मुठीत धरू नका. धरली की मधला पट्टा फुगतो, माइकची दिशा जाते आणि मंचावर शिट्टी वाजते. तोंड दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवा, जवळ आल्याने खालचा भाग आपोआप भरतो. मग ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं कापा, नाही तर किक ड्रमशी भांडण होतं.

आणि §१ पासून सुरुवात नको. तिथे क्लीन आणि ग्राउल इतके लागोपाठ आहेत की प्रत्येक वेळी गळ्याची घडी बदलावी लागते. आधी फक्त ग्राउलच्या दोन ओळी निवडा, निम्म्या वेगात, नुसत्या व्यंजनांसह म्हणा. क्लीन ओळी त्यात मिसळायच्या तेव्हा मध्ये एक पूर्ण श्वास ठेवा, रेकॉर्डमध्ये तो ऐकू येत नसला तरी.

नवखा_कान

सांगितलेल्या क्रमाने ऐकलं. 'डॅम्नेशन' लगेच आवडला. §७ आता दोनदा झाला आणि अँडरसन बोलतो तिथे ग्राउल नकोसा वाटेनासा झाला आहे, उलट तो कधी येतो याची वाट बघतो. एक विचारायचं होतं, शब्द वाचताना §३ पासून वाचले तर चालतील, की §१ चा मजकूर चुकवू नये?

मेलोट्रॉन४००

@नवखा_कान, §१ चुकवू नका. खोलीत कोण कोण आहे ते तिथेच कळतं. मिरयमचा आवाज येईल तेव्हा शब्दांच्या कागदावरून नजर उचला आणि तो आवाज कुठल्या बाजूने येतो ते बघा.